मेंदूतल्या फुग्यासाठी फ्लो डायव्हर्टर स्टेंट: निर्णयापासून वर्षभराच्या तपासणीपर्यंत

प्रक्रिया संपवून डॉक्टर बाहेर येतात आणि सांगतात, "स्टेंट छान बसला. फुग्यात अजून रक्त जातंय, पण ते अपेक्षितच आहे." दुसरं वाक्य ऐकून नातेवाइकांचे चेहरे उतरतात. मग एवढं करून मिळवलं काय? हा गोंधळ टाळायचा असेल तर एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. फ्लो डायव्हर्टर त्या दिवशी फुगा बंद करत नाही. तो फक्त रक्ताची वाट बदलतो. फुगा बंद होतो पुढच्या महिन्यांत, आणि त्या काळात स्टेंट उघडा ठेवतात त्या रोजच्या गोळ्या. पुढचे सगळे टप्पे याच हिशोबाने वाचा.

१. आधी यंत्र समजून घ्या

धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे पिशवी तयार होते. तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात, बोलीत फुगा. पिशवी धमनीला जिथे जोडलेली असते ती तिची मान. नदीच्या वळणावर डोह असावा आणि प्रवाहाचा एक फाटा सतत त्यात शिरून भोवरा करत राहावा, तसं रक्त मानेतून आत जातं, भिंतीवर आदळतं आणि परत येतं.

जुने दोन उपचार थेट डोहावरच काम करतात. कवटी उघडून मानेवर बाहेरून चिमटा लावणं म्हणजे क्लिपिंग. आतून प्लॅटिनमच्या बारीक तारांची गुंडाळी भरणं म्हणजे कॉइलिंग. फ्लो डायव्हर्टर डोहाला हात लावत नाही. तो मूळ धमनीत, मानेसमोर बसतो.

ही तारांची विणलेली नळी असते. पाइपलाइन या उपकरणात ४८ तारा असतात. त्यातल्या तीन चतुर्थांश कोबाल्ट-क्रोमियमच्या आणि बाकीच्या प्लॅटिनम-टंगस्टनच्या, कारण प्लॅटिनम क्ष-किरणांत ठळक दिसतं. प्रत्येक तार केसापेक्षा बारीक. नळी नीट उघडली की तिच्या पृष्ठभागाचा साधारण ३० ते ३५ टक्के भाग धातूने झाकलेला असतो. कॉइलला आधार म्हणून वापरतात त्या साध्या स्टेंटमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच असतं. या दाट विणीमुळे फुग्यात शिरणारा झोत मंदावतो, साचलेलं रक्त गोठतं आणि पुढे जाळीवर धमनीचं आतलं अस्तर वाढून मान कायमची बंद होते.

मग त्याच जाळीखाली आलेल्या चांगल्या फांद्या बंद का होत नाहीत? डोळ्याकडे जाणारी धमनी तर अनेकदा या जाळीच्या मागेच येते. फरक असा की फांदीच्या पुढे जिवंत ऊती रक्त ओढत असतात, दाब तिकडे कमी असतो, म्हणून जाळीच्या भोकांतून रक्त वाहत राहतं. डोहाला पुढे वाट नाही, फांदीला आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटच्या टप्प्यात पुन्हा लागेल.

२. हा उपचार तुमच्या फुग्यासाठी आहे का, ते विचारा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पाइपलाइनला पहिली मंजुरी दिली ती मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीवरच्या, म्हणजे अंतर्गत कॅरोटिडवरच्या, मोठ्या आणि रुंद मानेच्या फुग्यांसाठी. मान ४ मिलीमीटर किंवा जास्त असली की ती रुंद धरतात, कारण अशा फुग्यात भरलेली कॉइल बाहेर घसरू पाहते. २५ मिलीमीटरच्या पुढचा फुगा महाकाय. पुढे लहान फुग्यांवरही वापर वाढला आणि २०१९ मध्ये मंजुरी रुंदावली.

आकडे दोन्ही बाजूंचे बघा. पाइपलाइनच्या ज्या चाचणीवरून पहिली मंजुरी मिळाली तिच्यात १०८ रुग्ण होते. ६ महिन्यांनी ७३.६ टक्के फुगे धमनी फारशी न आकसता पूर्ण बंद झालेले दिसले. पुढे ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात हे प्रमाण १ वर्षाला ८६.८ आणि ५ वर्षांना ९५.२ टक्के होतं. त्याच चाचणीत पहिल्या ६ महिन्यांत ५.६ टक्के रुग्णांना त्याच बाजूचा मोठा पक्षाघात झाला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला. ते फुगे अवघड होते. १२ मिलीमीटरपर्यंतच्या फुग्यांवरच्या नंतरच्या चाचणीत १४१ रुग्ण होते. तिथे वर्षभरात ७६.८ टक्के फुगे बंद झाले आणि गंभीर अपाय २.१ टक्क्यांत दिसला.

डॉक्टरांना हे विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या:

- फुगा कुठे आहे, किती मिलीमीटर, मान किती रुंद?
- त्यातून एखादी फांदी निघते का?
- नुसतं लक्ष ठेवलं तर काय? (मेंदूच्या पुढच्या भागातला, ७ मिलीमीटरपेक्षा लहान, न फुटलेला फुगा फुटण्याचा धोका बराच कमी असतो. थांबणं हाही उपचार असू शकतो.)
- क्लिप किंवा कॉइल का नको?
- पुढच्या ६ महिन्यांत मला दुसरं कुठलं ऑपरेशन लागणार आहे का?

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. गुडघ्याचं, हर्नियाचं किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल तर गणित फिसकटतं, कारण स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या थांबवता येत नाहीत. पोटात रक्तस्राव होणारा अल्सर असेल, अ‍ॅस्पिरिन सोसत नसेल किंवा गोळ्या नियमित घेण्याची खात्रीच नसेल, तर ते आत्ताच स्पष्ट सांगा. यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. अशा माणसाला दुसरा उपचार जास्त सुरक्षित.

फुगा नुकताच फुटला असेल तर हा सहसा पहिला पर्याय नसतो. फ्लो डायव्हर्टर लगेच संरक्षण देत नाही, आणि ताज्या रक्तस्रावात रक्त पातळ करणं धोक्याचं. डोक्यातलं पाणी काढायला नळी घालावी लागली तर तो धोका आणखी वाढतो.

३. कागदपत्रं आणि तपासण्या जमवा

- सीटी, एमआरआय आणि डीएसएची (धमनीत नळीने कॉन्ट्रास्ट सोडून काढलेली क्ष-किरण तपासणी) मूळ डिजिटल चित्रं, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर. नुसता छापील रिपोर्ट किंवा फिल्म पुरत नाही. मापं मूळ चित्रांवरून घ्यावी लागतात.
- हिमोग्लोबिन, प्लेटलेटची संख्या, रक्त गोठण्याची तपासणी, क्रिएटिनिन, साखर, ईसीजी.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि वेळा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, लसणाच्या किंवा जिन्कोच्या कॅप्सूलसुद्धा. लसूण आणि जिन्को या दोन्हींनी रक्तस्राव वाढू शकतो.
- अ‍ॅलर्जी: आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (चित्रात धमन्या उठून दिसाव्यात म्हणून रक्तात सोडतात ते द्रव्य), औषधं आणि धातू. खोट्या दागिन्यांनी किंवा पट्ट्याच्या बकलने अंगावर चट्टे उठत असतील तर आवर्जून सांगा. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूत निकेल असू शकतं.
- गरोदर असण्याची शक्यता असेल तर चाचणी.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल आणि किडनी कमजोर असेल, तर कॉन्ट्रास्टच्या वेळी ती गोळी थांबवून साधारण ४८ तासांनी, क्रिएटिनिन बघूनच पुन्हा सुरू करतात.

४. आधीचा आठवडा: गोळ्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

रक्तात धातू आला की प्लेटलेट त्यावर चिकटू लागतात. विण दाट म्हणजे धातू जास्त, धातू जास्त म्हणजे गुठळीचा धोका जास्त. म्हणून प्रक्रियेच्या काही दिवस आधीपासून दोन गोळ्या सुरू होतात: अ‍ॅस्पिरिन आणि बहुधा क्लोपिडोग्रेल, दिवसाला ७५ मिलीग्रॅम. वेळ कमी असेल तर क्लोपिडोग्रेलचा मोठा पहिला डोस देतात.

क्लोपिडोग्रेलची अडचण अशी की ती गोळी जशी गिळली तशी काम करत नाही. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) तिचं कामाच्या रूपात रूपांतर करतं. काही माणसांत हे विकर जन्मतःच मंद असतं, आणि आशियाई वंशाच्या लोकांत असं प्रमाण जास्त आहे. अशा माणसाने आठवडाभर एकही गोळी चुकवली नाही तरी प्लेटलेट जसेच्या तसे चिकट राहतात. हे वरून अजिबात कळत नाही. म्हणून अनेक केंद्रं प्रक्रियेआधी रक्ताची प्लेटलेट प्रतिसाद तपासणी करतात. व्हेरिफायनाऊ या यंत्रावर आकडा साधारण ६० ते २०० मध्ये आला तर गोळी लागू पडतेय असं धरतात. वरची मर्यादा कुठे २०८, कुठे २४० ठेवलेली असते. आकडा फार वर म्हणजे गुठळीची भीती, फार खाली म्हणजे रक्तस्रावाची. गोळी लागू पडत नसेल तर टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल देतात. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यावी लागते, तिच्यामुळे काहींना धाप लागल्यासारखं वाटतं आणि सोबतचं अ‍ॅस्पिरिन १०० मिलीग्रॅमच्या वर नको. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर प्रासुग्रेल टाळतात.

ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही. तुम्ही विचारा: "माझी गोळी लागू पडतेय का, हे तपासणार आहात का?"

तीन सापळे:

पहिला, ॲसिडिटीची गोळी. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल त्याच विकराला अडवतात आणि क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करतात. पॅन्टोप्राझोलने हा त्रास कमी होतो. घरात आधीपासून कुठली चालू आहे ते पाकीट उलटून वाचा.

दुसरा, दुखण्याच्या गोळ्या. आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवं येतं आणि पोटात रक्तस्रावही वाढवतं. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

तिसरा, "उपाशी राहा" ही सूचना. भूल द्यायची म्हणून साधारण ६ तास अन्न बंद असतं, आणि लोक सकाळच्या गोळ्याही सोडतात. त्या दिवशी नेमक्या याच गोळ्या चुकवून चालत नाही. घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या का, हे आदल्या रात्रीच नर्सकडून वदवून घ्या.

५. प्रक्रियेच्या दिवशी आत काय होतं

बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल देतात, कारण मेंदूच्या धमनीत तार असताना डोकं किंचितही हलून चालत नाही. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून सुरुवात होते. एकात एक अशा तीन नळ्या सरकवत नेतात: बाहेरची कडक, मधली मऊ आणि सर्वांत आतली मायक्रोकॅथेटर, जिचं आतलं भोक जेमतेम ०.७ मिलीमीटर. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन चालू असतं.

यंत्र फिरवून धमनीचं त्रिमितीय चित्र काढतात आणि मापं घेतात. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण निम्मं यश या मापात आहे. विणलेली नळी दोन्ही टोकांकडून दाबली की रुंद आणि आखूड होते, ओढली की लांब आणि अरुंद. स्टेंट मायक्रोकॅथेटरमध्ये ओढलेल्या स्थितीत असतो. धमनीत उघडताना तो निम्म्याहून आखूड होऊ शकतो. म्हणून लांबी निवडताना उघडल्यावरची लांबी धरायची, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना निदान ३-३ मिलीमीटर निरोगी धमनी झाकली जायला हवी.

आता रुंदी. धमनी ४ मिलीमीटरची आणि स्टेंट ५ चा घेतला, तर तो पूर्ण उघडणारच नाही. विण लांबट ताणलेली राहते, भोकं मोठी होतात आणि फुग्यात रक्त जातच राहतं. उलट स्टेंट बारीक पडला तर जाळी आणि भिंत यांच्यात फट राहते. रक्त त्या फटीतून मागच्या मागे फुग्यात शिरतं, आणि फटीत गुठळीही धरते. धमनीच्या दोन टोकांची रुंदी वेगवेगळी असते तेव्हा ही कसरत सर्वांत अवघड.

मायक्रोकॅथेटर मानेच्या पुढे नेऊन स्टेंटचं टोक उघडतात. मग एका हाताने तार पुढे दाबायची, दुसऱ्या हाताने नळी मागे घ्यायची. नुसतं मागे ओढलं तर स्टेंट ताणून अरुंद पडतो. वळणावर स्टेंट पिळला जाऊन चपटा होऊ शकतो. तेव्हा तो परत नळीत ओढून नव्याने उघडतात किंवा आतून छोटा बलून फुगवून भिंतीला चिकटवतात. फुगा मोठा असेल तर सोबत थोड्या कॉइलही भरतात, म्हणजे आत रक्त लवकर गोठतं.

शेवटी कॉन्ट्रास्ट सोडून बघतात. धमनी धुऊन निघते, पण फुग्याच्या तळाशी कॉन्ट्रास्ट चंद्रकोरीसारखा रेंगाळत राहतो. डॉक्टर "फुग्यात अजून रक्त जातंय" म्हणाले तरी हा रेंगाळ दिसला असेल तर काम झालंय.

६. पहिले ४८ तास

पहिला दिवस अतिदक्षता विभागात. रक्तदाब ठरावीक पट्ट्यात ठेवतात आणि तासातासाला हात वर करायला, नाव सांगायला लावतात. झोपमोड होते, पण गुठळीची पहिली खूण अशीच सापडते. जांघेतून केलं असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. पाय वाकवला की तिथे रक्त साकळतं. मनगटातून केलं असेल तर उठणं लवकर होतं.

डोकेदुखी होते. फुग्यात रक्त गोठताना भिंतीला सूज येते, त्यामुळे मोठ्या फुग्यात ती जास्त. कधी कधी थोडे दिवस स्टेरॉइड देतात.

७. घरी आल्यावर

पहिला महिना सर्वांत नाजूक. खालीलपैकी काहीही झालं तर फोन करून सल्ला विचारत बसू नका, सरळ तातडीच्या विभागात जा:

- चेहरा एका बाजूला ओघळणं, हात-पाय गळणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याने अचानक न दिसणं. चार मिनिटांत बरं झालं तरी जा. हे मोठ्या झटक्याचं सूचक असू शकतं.
- आयुष्यात कधी नव्हती अशी अचानक उसळलेली डोकेदुखी, उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं. क्वचित फुगा उशिरा फुटतो, मोठ्या फुग्यात विशेष. कधी त्याच बाजूला, फुग्यापासून लांब, मेंदूत रक्तस्राव होतो.
- काळी डांबरासारखी शौच, न थांबणारं नाकातलं रक्त, जांघेत वाढती गाठ.

दात घासताना हिरडीतून थोडं रक्त येणं, हाता-पायांवर निळे डाग पडणं हे गोळ्यांमुळे होतंच. त्या भीतीने गोळ्या बंद करू नका. दुसऱ्या गोळीचा (क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या जागी दिलेली) काळ साधारण ३ ते ६ महिने, कधी जास्त. अ‍ॅस्पिरिन त्यापुढेही, बऱ्याचदा आयुष्यभर.

सगळ्यात वाईट प्रसंग ठरलेला असतो. दाढ काढायची असते, दंतवैद्य म्हणतात "रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा," आणि रुग्ण करतो. जाळीवर अस्तर यायच्या आत असं झालं तर स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो. कुठल्याही डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली तर ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. टाळता येण्याजोगी ऑपरेशनं पुढे ढकलायची. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवं आणून ठेवा. एखादी वेळ चुकली तर आठवण येताच घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ आलीच असेल तर दुप्पट घेऊ नका.

डिस्चार्जच्या वेळी स्टेंटचं कार्ड मागून घ्या. त्यावर उपकरणाचं नाव, माप आणि तारीख असते. एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला तर तंत्रज्ञ हेच विचारतो. ही उपकरणं चुंबकीय क्षेत्रात ठरावीक अटींखाली चालतात, आणि त्या अटी उपकरणानुसार बदलतात.

८. फेरतपासणी

बहुतेक ठिकाणी ६ महिन्यांनी आणि १ वर्षाने डीएसए करतात. साधा एमआर अँजिओ (एमआरआयवर काढलेलं धमन्यांचं चित्र) चालेल का, असं सगळे विचारतात. धातूच्या जाळीमुळे त्यात आतली धमनी पुसट दिसते, कधी नसलेलं आकुंचनही भासतं. म्हणून पहिला निर्णय डीएसएवर घेतलेला बरा.

रिपोर्टमध्ये एक अक्षर आणि एक आकडा दिसेल. अक्षर ए म्हणजे फुगा पूर्ण भरतोय, बी म्हणजे अर्धवट भरतोय, सी म्हणजे फक्त मानेशी जरासा, डी म्हणजे अजिबात नाही. आकडा कॉन्ट्रास्ट किती वेळ रेंगाळतो ते सांगतो. सहाव्या महिन्यात बी किंवा सी आलं तर ते अपयश नाही. वरचे ७३.६ आणि ८६.८ हे आकडे पुन्हा बघा, मधला फरक बराचसा अशाच फुग्यांचा आहे.

पापणी पडणं किंवा दुहेरी दिसणं अशी नसेवरच्या दाबाची लक्षणं असतील तर ती बहुधा काही महिन्यांत हळूहळू ओसरतात. फ्लो डायव्हर्टरमध्ये पिशवी कॉइलने ठासून भरलेली नसते, म्हणून आतलं गोठलेलं रक्त विरघळत जाऊन ती आकसू शकते.

स्टेंटच्या आत अस्तर जरा जास्त वाढून धमनी थोडी अरुंद झालेली दिसू शकते. बऱ्याचदा ती सौम्य असते आणि गोळ्या चालू ठेवल्यावर पुढच्या चित्रात सुधारते.

वर्षानंतरही फुगा भरत असेल तर चित्र समोर ठेवून विचारा, फुग्यातूनच एखादी फांदी निघते का? निघत असेल तर डोहाला पुढे वाट आहे, आणि जोपर्यंत ती फांदी रक्त ओढतेय तोपर्यंत तो सहजी बंद होणार नाही. स्टेंट भिंतीला नीट टेकलाय का, आखूड होऊन मानेवरून सरकलाय का, हेही बघायला सांगा. कारणानुसार पुढचं ठरतं: आणखी काही महिने थांबायचं, पहिल्याच्या आत दुसरा स्टेंट बसवायचा, की दुसऱ्या गोळीचा काळ संपवून फक्त अ‍ॅस्पिरिनवर यायचं.